हुक्क्याच्या नळीचे लाकूड

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे गाव मराठी व कानडी या दोन भाषांच्या सीमेवर वसले आहे. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या ज्या वनस्पतीला मराठीत तंबाखू म्हणतात, तिला कानडीत ‘होगेसोप्पु’, म्हणजे धुराचा पाला, असा शब्द आहे. एका भाषेने परक्यांचे नाव ठेवून घेतले, तर दुसरीने त्या पाल्याचा उपयोगच नावात गोविला. मैंदर्गीच्या नैर्ऋत्येस, भीमेपलीकडे, विजापूर आहे; आणि या देशातील धूम्रपानाच्या अगदी आरंभीच्या नोंदींपैकी एक त्याच नगरीशी निगडित आहे.

अकबर बादशहाने असदबेग यास विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाकडे वकील म्हणून पाठविले होते. १६०४ च्या सुमारास परतताना त्याने आपल्याबरोबर तंबाखू नेली. तेवढ्यावर न थांबता त्याने ती ओढण्याचे एक देखणे साधनही सिद्ध केले. त्याची नळी सुमात्रा बेटावरील अचीन येथील, तीन हात लांब, वाळवून रंगविलेली होती; दोन्ही टोकांस रत्ने व मीनाकाम होते. मुखाशी यमनी अकीक आणि विस्तवासाठी सोन्याचे पात्र होते. बादशहाची दृष्टी प्रथम गेली ती या थाटाकडे.

हुक्क्याच्या रचनेत प्रत्येक द्रव्यास आपले काम नेमून दिलेले आहे. विस्तव सांभाळते ती मातीची चिलीम. पाणी सांभाळतो तो गरिबाघरी आतून पोखरलेला नारळ, आणि श्रीमंताघरी जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले व चांदीच्या नक्षीने मढविलेले बिदरी पात्र. धूर खाली पाण्यात नेण्याचे काम मात्र लाकडी नळीचे. लाकडाला जळावयाचे नाही. त्याने सरळ राहावयाचे, ओलाव्याने फुटावयाचे नाही आणि धुरास स्वतःचा वास द्यावयाचा नाही.

म्हणून अशा कामास जून झाडाचा गाभा घ्यावा लागतो. सालीलगतचे पांढरे, कोवळे लाकूड लवकर किडते. शिसवीसारख्या घट्ट लाकडाचा गाभा कातण्यास उत्तम. तुकड्यात गाठ नसावी. कारण गाठीशी रेषा वळतात आणि त्याबरोबर गिरमिटही वाट सोडते. लाकूड सावलीत सावकाश वाळवावे लागते. उन्हात टोके आधी आकसून चिरतात. मग आधी भोक पाडावयाचे आणि नंतर त्या भोकाच्या आधाराने बाहेरचा भाग कातावयाचा, हा क्रम शहाणपणाचा. तो उलटला तर भोक एका अंगास सरकते आणि नळीची एक बाजू पातळ होते. भोक फार अरुंद झाले तर धुरातील चिकट मळाने ते तुंबते. सांध्यांवर कापड गुंडाळून वारा अडविला म्हणजे काम पुरे झाले.

युरोपात याच्या उलट घडले. तेथील पाइपात लाकडालाच विस्तव पोटात घ्यावा लागला. त्यासाठी भूमध्य समुद्राकाठच्या ब्रायर नावाच्या झुडपाच्या बुंध्याची गाठ निवडण्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधील सँ-क्लोद हे गाव या पाइपांसाठी प्रसिद्धीस आले. ती गाठ उकळून, महिनोन्‌महिने वाळवून मग कोरतात. जी गाठ दक्षिणेतील कातारी टाकून देईल, तिलाच तेथे मोल आले. कारण तिच्या दाट, गुंतलेल्या रेषा आच सोसतात.

या सर्व कारागिरीचा हेतू एकच: धूर सुखद व्हावा. हेच अकबराच्या दरबारातील वादाचे मर्म होय. बादशहाने एक-दोन झुरके घेताच हकीम आडवा आला. आपल्या ग्रंथांत ज्याचा उल्लेख नाही, ती वस्तू परीक्षेवाचून स्वीकारू नये, असे त्याचे म्हणणे होते. जगातील प्रत्येक रीत केव्हातरी नवीनच होती, असे उत्तर असदबेगने दिले. वादात असदबेग सरस ठरला. अकबराने स्वतः ती सवय लावून घेतली नाही. पण सरदारांत ती झपाट्याने पसरली आणि व्यापारी तंबाखू विकू लागले. १६१७ मध्ये जहांगिराने तिच्यावर बंदी घातली, तीही टिकली नाही.

असदबेगचे उत्तर तर्काला धरून होते, पण हकिमाने मागितलेली परीक्षा झालीच नाही. ती झाली ती विसाव्या शतकात, आणि तिचा निकाल त्याच्या बाजूने लागला. पाण्यातून गेल्याने धूर थंड होतो. त्यातील विष जात नाही, हे आता सिद्ध आहे. कातारी आपल्या कामात चुकला नव्हता. त्याने धुराचा मार्ग निर्दोष केला. लोकांनी धूरच निर्दोष मानला.