तेजाब, तराजू आणि आपण



आपल्या जलशांत जाबीर बिन हय्यानचे नाव निघाले की तेजाबाचा शोध आपल्याच पूर्वजांनी लावला असे अभिमानाने सांगितले जाते. इतिहास इतका सरळ नाही. आठव्या शतकातील या किमयागाराच्या नावावरचे पुष्कळ ग्रंथ मागाहून इतरांनी लिहिले असे संशोधक मानतात; तेजाबे प्रथम कोणी केली, हा वादही मिटलेला नाही. माझ्या मते त्या ग्रंथांतील खरी ठेव निराळीच आहे. ती म्हणजे ‘मीझान’, तराजू. पदार्थाचे गुण मापात सांगता आले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. (त्यांचे आकडे आज टिकत नाहीत, ती गोष्ट वेगळी.)

पुढे ११२१ च्या सुमारास मर्वच्या अल-खाझिनीने ‘मीझान अल-हिकमा’ या ग्रंथात द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीचे वर्णन केले, आणि श्रेय पप्पस या ग्रीक पंडिताला दिले. बॅटरीवाला तेजाबाचा कस पाहायला जी काचेची नळी वापरतो, ती याच जातीची.

आता आपल्या मुलखाकडे या. १९४८ पर्यंत हिंगोली हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होती. आपला वेगळा जिल्हा १९९९ चा. त्या संस्थानाने १९१७ साली दार-उल-तर्जुमा स्थापून शास्त्रीय ग्रंथांची भाषांतरे सुरू केली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तेथे रसायनशास्त्रदेखील उर्दूतून शिकवले जाऊ लागले. १९४८ नंतर ते माध्यम गेले, इंग्रजी आले. आज वसमत-कळमनुरीची आपली मुलगी घरी ‘तेजाब’ म्हणते, मराठी शाळेत ‘आम्ल’ आणि कनिष्ठ महाविद्यालयात ‘ॲसिड’. शब्द तिसऱ्यांदा बदलला की गणितही अवघड झाले असे तिला वाटते.

पालकहो, तेवढ्यावरून तिचे विज्ञान सोडवू नका. गणित एकच आहे. पाणी वाढले तरी तेजाबाचा अंश तेवढाच राहतो. म्हणून नॉर्मलता गुणिले आकारमान, हे आधी आणि नंतर सारखेच. ३६ नॉर्मल संहत गंधकाम्लापासून १ लिटर १.८ नॉर्मल द्रावण हवे असेल, तर १.८ × १००० ÷ ३६, म्हणजे ५० मिलिलिटर आम्ल लागेल. शिक्षकांसमोर, डोळ्यांवर चष्मा लावून, ते भरपूर थंड पाण्यात ढवळत थोडे थोडे सोडावे; निवल्यावर पाणी घालून १ लिटर पुरे करावे. उलट, पाणी तेजाबात ओतले तर ते वरच्या वर उकळते आणि तेजाबासकट अंगावर उडते.