रोजच्या पार्ल्याचा इतिहास



आजचा विषय तसा साधा आहे. आपण राहतो त्या गावातली नेहमीची दृश्यं, रोज एक याप्रमाणे कॅमेऱ्यात टिपून ठेवायची, या सवयीला इतिहासाच्या दृष्टीनं काय किंमत आहे, याबद्दल मी बोलणार आहे. हल्ली बरेच जण असं करतात. सकाळी फिरायला जाताना कुणी हनुमान रोडवरचं झाड टिपतं, कुणी स्टेशनाबाहेर वाटे लावून बसलेली भाजीवाली, कुणी पावसात तुंबलेली गल्ली. आणि घरी कुणीतरी विचारतंच, "यात फोटो काढण्यासारखं काय आहे?" या प्रश्नाचं उत्तर मी इतिहासात शोधणार आहे.

आधी आपल्या घरचा जुना अल्बम डोळ्यांसमोर आणा. त्यात काय असतं? लग्न, मुंज, बारसं, गणपतीची आरास, महाबळेश्वरची सहल. ज्या रस्त्यावरून घरातली माणसं चाळीस वर्षं स्टेशनला गेली, तो रस्ता त्यात नसतो. ज्या वाण्याकडून महिन्याचं सामान आलं, त्याचं दुकान नसतं. कारण उघड आहे. फोटो महाग होता. १९६०-७०च्या सुमाराला मध्यमवर्गीय घरात असायचा तो अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा. एका रोळात बारा फोटो. पुन्हा धुलाई आणि छपाई वेगळी. बारातला एक फोटो भाजीबाजारावर कोण घालवणार? म्हणून आपण विशेष प्रसंग जपले आणि नेहमीचं सोडून दिलं. आता पंचाहत्तर सालचा पार्ल्याचा एखादा रस्ता कसा होता हे बघायचं असेल, तर नवरानवरीच्या मागे, फोटोच्या कडेला काय दिसतंय ते भिंग घेऊन शोधावं लागतं.

हे फक्त घरच्या अल्बमाचं नाही. मुंबईच्या छायाचित्रणाच्या अख्ख्या इतिहासातच हा प्रश्न सुरुवातीपासून आहे.

युरोपात दागेरच्या पद्धतीची घोषणा झाली १८३९ साली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली, म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांत. डॉ. भाऊ दाजी लाड या संस्थेत होते, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः छायाचित्रं काढत. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तिथं शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले व्यावसायिक छायाचित्रकार झाले. म्हणजे ही कला इथल्या लोकांनी फार लवकर हातात घेतली.

पण टिपलं काय? विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकाराचं उदाहरण घेऊ. त्यानं मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. पहिल्या नजरेला वाटतं, वा, ही तर मुंबईची रोजची माणसं! बारकाईनं बघितलं की कळतं, बऱ्याच चित्रांत माणसं वेगळी टिपली आहेत, मागचं दृश्य वेगळं आहे, आणि दोन्ही जोडून एक चित्र केलं आहे. माणसं खरी आहेत, जागाही खरी आहे, पण ती माणसं त्या वेळी त्या जागी नव्हती. त्या काळच्या कॅमेऱ्याला माणूस बराच वेळ स्थिर लागायचा, ही अडचण होतीच. शिवाय साहेबाला प्रत्येक जातीचा एकेक नमुना हवा होता. एखादा माणूस मंगळवारी सकाळी काय करत होता, हे त्याला नको होतं.

मग १८९६ साली प्लेग आला. त्या साथीचे सरकारी अल्बम आजही पाहायला मिळतात. बंबानं धुतली जाणारी घरं, घरोघरची तपासणी, बाहेर उभारलेल्या छावण्या. तेव्हाच्या वस्त्या, गल्ल्या, घरांचे दरवाजे आपल्याला यात दिसतात. पण ते सरकारला आपलं काम दाखवायचं होतं म्हणून. माणसाचं घर टिपलं गेलं, ते त्यातून त्याला बाहेर काढलं त्या दिवशी.

या प्लेगचा आपल्या पार्ल्याशी संबंध आहे. साथीनंतर दाट वस्तीतून बाहेर मोकळ्या हवेत राहायला जावं, असं मुंबईकरांना वाटू लागलं. सालसेटमधल्या आगगाडीच्या मार्गावरची गावं हळूहळू वाढली. पार्ले टिळक विद्यालय १९२१चं, लोकमान्य सेवा संघ १९२३चा. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. १९५० साली पार्ले बृहन्मुंबईत आलं. या सगळ्या तारखा आपल्याला पाठ आहेत, कारण त्या संस्थांच्या आहेत आणि संस्था कागद ठेवतात. पण १९२५ साली पार्ल्यातली बाई पाणी कुठून आणत होती, संध्याकाळी दिवे कसे लागत होते, पावसाळ्यात स्टेशनापर्यंत चिखल किती होता, याचं चित्र शोधायला गेलात तर फार थोडं हाती लागतं.

आता एक आशेची गोष्ट सांगतो. आपल्याकडे रोजचं बघणारी नजर होती, आणि ती मराठी माणसांकडे होती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मुंबईतले छायाचित्रकार. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. त्यानंतर सावेदादांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली चित्रण केलं. कशाचं? हँगिंग गार्डनमधल्या एका कुस्तीचं. शिवाय माकडवाला आणि त्याची माकडं. म्हणजे बघा, भारतीय माणसानं हलती चित्रं घेतली तेव्हा पहिल्यांदा ना राजवाडा टिपला, ना लाटसाहेब. रस्त्यावर कुणालाही फुकट बघायला मिळेल अशी गोष्ट टिपली.

दुसरे दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा, हे आपण सगळे जाणतो. पण त्याआधी, पैसे लावणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून, त्यांनी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला, आणि महिन्याहून जास्त काळ ठराविक अंतरानं एकेक चौकट घेत राहिले. सगळ्या चौकटी सलग दाखवल्या तेव्हा बी फुटून अंकुर आला, वेल झाली, असं पडद्यावर दिसलं. आजच्या विषयाला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. त्यातली एकच चौकट घेतली तर तिच्यात बघण्यासारखं काही नाही. कुंडी, माती, एवढंसं हिरवं टोक. त्याचा अर्थ आधीच्या आणि नंतरच्या चौकटींमुळे लागतो. जागा तीच, अंतर ठरलेलं, आणि धीर न सोडणं, या तीन गोष्टींनी ती फिल्म झाली.

रोजच्या फोटोचं अगदी असंच आहे. एखाद्या इमारतीचा एक फोटो ही आठवण असते. तिचेच दहा वर्षांचे, तारखा घातलेले फोटो असले की तो पुरावा होतो. गॅलरी कधी बंद केली, आंब्याचं झाड कधी गेलं, खालच्या पिठाच्या गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान कधी आलं, सगळं त्यात वाचता येतं.

बाहेरच्या जगातही एक फाळक्यांच्या जातीचा माणूस होता, पॅरिसचा यूजीन अ‍ॅटजे. १८९०च्या दशकापासून १९२७ साली मरेपर्यंत तो जड लाकडी कॅमेरा घेऊन पहाटे फिरायचा. दुकानांच्या काचा, जिने, दारांच्या कड्या, फेरीवाले टिपायचा. स्वतःला कलावंत म्हणवत नसे, चित्रकारांना उपयोगी पडतील अशा नोंदी विकतो म्हणे. १९२० साली फ्रेंच सरकारनं त्याच्याकडून अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह विकत घेतल्या. आज जुनं पॅरिस म्हणून जे डोळ्यांसमोर येतं, त्यात अ‍ॅटजेचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे होमाई व्यारावाला यांचं नाव घेतलं की नेहरू-गांधींची छायाचित्रं आठवतात. पण दिल्लीला जाण्याआधी, १९३०च्या दशकाच्या अखेरीस, त्या मुंबईचं रोजचं जीवन टिपत होत्या. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेली तरुण मुलगी. ती छायाचित्रं 'इलस्ट्रेटेड वीकली'त येत, पण सुरुवातीला पती माणेकशा यांच्या नावानं. रोजचं टिपणाऱ्याचं नाव मागे राहतं, त्यात ती बाई असली तर जास्तच.

आता पुन्हा पार्ल्यात येऊ. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात इथली छावणी उपनगरांतलं मोठं केंद्र होती. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रुवाला, स्वामी आनंद अशी माणसं इथं होती. हा आपला अभिमानाचा इतिहास आहे, आणि तो लिहिलेला आहे. पण त्या सैनिकांसाठी भाकऱ्या कुणी थापल्या, पत्रावळी कुणी उचलल्या, हे लिहिताना आपली लेखणी अडखळते. कारण त्या गोष्टी तेव्हा कुणाला टिपण्यासारख्या वाटल्याच नाहीत.

जवळचं उदाहरण घ्या. पार्ल्याचं नाव घेतलेला बिस्किटांचा कारखाना. कंपनी १९२९ची, बिस्किटं १९३९पासूनची. २०१६ साली इथला कारखाना बंद झाला. गाडी पार्ल्याला आली की वास यायचा, ही आठवण लाखो प्रवाशांची आहे. वासाचा फोटो काढता येत नाही, कबूल. पण पाळी सुटल्यावर फाटकातून बाहेर पडणारे कामगार, त्यांच्या हातातले डबे, समोरची चहाची टपरी, हे रोज दिसत होतं. आपल्यापैकी किती जणांकडे त्याचा एक तरी फोटो आहे? गाडीतून जाताना आपण वास घेतला आणि पुढे गेलो.

आणि आता वेळ थोडा आहे. पार्ल्यातल्या दोन-तीन मजली इमारती, उरलेसुरले बंगले पुनर्विकासाला निघाले आहेत. विमानतळामुळे उंचीची बंधनं आहेत, म्हणून काही ठिकाणी काम अडलंय, एवढंच. पुनर्विकास वाईट असं मी म्हणत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पंच्याऐंशीच्या आजींना विचारा. घर पडणार असेल तर पडू दे, पण त्याची नोंद राहू दे, एवढंच माझं म्हणणं.

नोंद करताना एक पथ्य मात्र पाळायला हवं. आपण फक्त बंगले, रांगोळ्या आणि पाडव्याची शोभायात्रा टिपली तर पन्नास वर्षांनी लोकांना वाटेल, पार्ल्यात फक्त नऊवारी नेसून लोक मिरवत होते. घरकाम करणाऱ्या बायका, कचरा उचलणारे, विमानतळालगतच्या वस्त्या, जुन्या गावठाणातली ख्रिस्ती घरं, पहाटे दूध-पेपर टाकणारी मुलं, हेही पार्लेच आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं आयुष्य वर्षानुवर्षं टिपलं. ते काम आपल्या दारात रोज चालतं आणि आपल्याला दिसत नाही, हे त्या छायाचित्रांनी दाखवून दिलं. तेव्हा माणसाला विचारून फोटो काढा, शक्य तर त्याला एक प्रत द्या. जॉन्सनसारखे नमुने गोळा करू नका.

शेवटी थोडं व्यवहाराचं. पूर्वी फोटो कमी होते पण कागदावर होते. आता हजारो आहेत आणि फोन बिघडला की सगळे जातात. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोतून काढल्याची मूळ तारीख आणि जागेची माहिती निघून जाते, हेही लक्षात ठेवा. म्हणून प्रत्येक फोटोबरोबर तारीख, वेळ, जागा आणि एक ओळ लिहा. "दीक्षित रोड, सकाळी सात, भेंडी इतके रुपये पाव" एवढं पुरे. एखादी जागा ठरवून घ्या आणि तिथूनच दर महिन्याला टिपा. दुकानांच्या पाट्या, भावाचे फळे, नोटिसा चुकवू नका. इतिहासाच्या अभ्यासकाला सगळ्यात आधी तेच लागतं. दोन ठिकाणी प्रती ठेवा. वर्षाला बारा फोटो तरी कागदावर छापून घ्या, अ‍ॅग्फाच्या एका रोळाएवढे. आणि ते आपल्या जवळच्या ग्रंथालयाला द्या, घरी कपाटात ठेवू नका. आपल्या मागे कपाट कोण उघडणार आणि त्यातलं काय टाकून देणार, हे आपल्या हातात नसतं.

तेव्हा उद्या घरात कुणी विचारलं, "यात फोटो काढण्यासारखं काय आहे?", तर सांगा, आज काही नाही. वीस वर्षांनी बघ.

आज इथून घरी जाताना वाटेत जे नेहमीचं दिसेल, त्याचा एक फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. आता तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा. कुणाकडे पार्ल्याचे जुने फोटो असतील तर तेही सांगा, मला बघायला आवडतील.