उच्चार आणि आकलन : आरोग्य-साक्षरतेच्या मापनेतिहासातील एक भाषिक प्रश्न

‘आरोग्य-साक्षरता’ ही संज्ञा स्कॉट सायमंड्स यांनी १९७४ साली आरोग्यशिक्षणाच्या चर्चेत वापरली. तिच्या मापनाची साधने मात्र १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत घडली. या साधनांचा इतिहास सहसा वैद्यकाच्या कक्षेत मांडला जातो. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र वाचनाचा आहे : शब्द उच्चारता येणे आणि त्याचा अर्थ उमगणे यांचे नाते सर्व भाषांत सारखेच असते काय?

टेरी डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लुइझियाना राज्यात घडवलेली ‘रेल्म’ ही चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्या १९९३ सालच्या संक्षिप्त रूपात ६६ शब्द आहेत. रुग्णाने ते मोठ्याने वाचावयाचे. अचूक उच्चारांची संख्या हाच त्याचा गुणांक. १९९५ सालच्या ‘टोफला’ चाचणीने उताऱ्यांत गाळलेले शब्द पर्यायांतून निवडावयास लावून आकलन तपासले. त्याच वर्षी अटलांटा व लॉस एंजेलिस येथील दोन सार्वजनिक रुग्णालयांतील २,६५९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. औषध अनशापोटी घेण्याची लेखी सूचना त्यांपैकी ४१.६ टक्के रुग्णांना समजली नव्हती.

‘रेल्म’ स्पॅनिशमध्ये नेण्याचा प्रयत्न मात्र फसला. इंग्रजीत लेखन व उच्चार यांत अंतर असल्याने अपरिचित शब्द सहसा चुकीचा वाचला जातो. म्हणून अचूक उच्चार ही परिचयाची खूण मानता येते. स्पॅनिशचे लेखन बव्हंशी उच्चारानुसारी असल्याने अर्थ ठाऊक नसलेला शब्दही वाचक बिनचूक वाचतो. यास्तव शू-यी ली आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ५० शब्दांची स्पॅनिश चाचणी रचताना प्रत्येक शब्दाच्या वाचनाला अर्थसंबंध ओळखण्याची जोड दिली. मूळ साधनातील अव्यक्त गृहीतक भाषांतरामुळे असे उघड झाले.

हाच न्याय देवनागरीलाही लागू पडतो. अक्षरओळख झालेला मराठी वाचक ‘प्रतिजैविक’ हा शब्द, अडखळत का होईना, बरोबर वाचील. औषधाच्या दुकानातून आणलेली ‘अँटिबायोटिक’ गोळी ती हीच, हे त्याला कळेलच असे नाही. उच्चाराला दिलेले गुण येथे अनाकलन झाकून टाकतील. शिवाय या अनाकलनाचा दोष वाचकाचा, की संस्कृतप्रचुर परिभाषा योजणाऱ्या पत्रकाचा, हा प्रश्न उरतोच.

धोरणविचारही हळूहळू याच प्रश्नाकडे वळला. व्यक्तीची कौशल्ये आणि आरोग्यव्यवस्थेच्या मागण्या यांच्या परस्परक्रियेतून ही साक्षरता घडते, अशी मांडणी अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ साली केली. २०२० साली जाहीर झालेल्या ‘हेल्दी पीपल २०३०’ने तर संस्थांच्या आरोग्य-साक्षरतेची स्वतंत्र व्याख्या दिली. ‘टीच-बॅक’ पद्धतीत रुग्ण मिळालेली सूचना आपल्या शब्दांत परत सांगतो. ती त्याला सांगता आली नाही, तर निवेदन उणे पडले असे मानून सांगणाऱ्याने ते नव्याने करावयाचे असते. मराठीत मापनसाधन रचणाऱ्यांनी आरंभ येथूनच करावा. रुग्णाने परत सांगितलेल्या शब्दांत त्याचे आकलन जसे दिसते, तशीच व्यवस्थेच्या भाषेची परीक्षाही होते.