शाखा मागाहूनच्या, प्रश्न आधीचे

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे कोणतेही प्रास्ताविक पुस्तक उघडले, की आरंभीच त्याच्या शाखा सांगितलेल्या आढळतात : सत्ताशास्त्र, ज्ञानमीमांसा, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, सौंदर्यशास्त्र. त्यामुळे नव्या वाचकाची अशी समजूत होते, की ही स्वतंत्र दालने असून एकाचा दुसऱ्याशी फारसा संबंध नाही. इतिहास मात्र निराळे सांगतो.

इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिस अथेन्सच्या तुरुंगात मृत्यूची वाट पाहत होता. डीलॉस बेटाकडे गेलेले पवित्र जहाज परत येईपर्यंत कोणालाही देहदंड द्यावयाचा नाही, असा नगराचा नियम असल्यामुळे त्याला थोडी सवड मिळाली होती. प्लेटोच्या ‘क्रायटो’ या संवादात त्याचा जुना मित्र क्रायटो भल्या पहाटे कोठडीत येतो. पलायनाची सर्व सिद्धता झालेली असते. सॉक्रेटिस म्हणतो, पळून जाणे न्याय्य आहे काय, ते आधी पाहू. हा नीतिशास्त्राचा प्रश्न झाला. परंतु लोक काय म्हणतील, ही क्रायटोची धास्ती. तिला उत्तर देताना बहुतांचे मत आणि जाणत्याचे ज्ञान यांतील भेद करावा लागतो. येथे ज्ञानमीमांसा आली. आजवर मान्य केलेली तत्त्वे संकट ओढवले म्हणून खोटी ठरतात काय, हे तपासू लागताच तर्कशास्त्र आले. पुढे ‘फीडो’ या संवादात, अखेरच्या दिवशी, देहामागे आत्मा उरतो काय, याची चर्चा होते. हा सत्ताशास्त्राचा विषय. प्राण पणाला लागलेल्या एका माणसाला यांपैकी एकही प्रश्न टाळता आला नाही.

शाखांची नावे मागाहूनची आहेत. ‘मेटाफिजिक्स’ हा शब्द ॲरिस्टॉटलचा नव्हे. तो त्या विषयाला ‘आद्य तत्त्वज्ञान’ म्हणे. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ केवळ ‘भौतिकीनंतरचे’ असा आहे, आणि ग्रंथांचा क्रम लावणाऱ्यांनी ते नाव दिले, असे परंपरा सांगते. ‘ईस्थेटिक्स’ हे नाव जर्मन पंडित बाउमगार्टेन याने १७३५ साली योजिले. ‘एपिस्टेमॉलॉजी’ हा शब्द स्कॉटलंडच्या फेरियरने १८५४ च्या आपल्या ग्रंथातून इंग्रजीत रूढ केला. सौंदर्याचा आणि ज्ञानाचा विचार मात्र प्लेटोपासून चालत आलेला होता.

विभागणी निरर्थक आहे, असे नाही. स्टोइकांनीही तत्त्वज्ञानाचे तीन भाग केले. पण त्यांनी त्याला शेताची उपमा दिली. तर्कशास्त्र हे कुंपण, निसर्गविचार ही जमीन आणि नीती हे पीक. कुंपणावाचून पीक राखता येत नाही, हे खरे. परंतु नुसते कुंपणच घालीत बसणाऱ्याच्या घरी धान्य येत नाही. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने सुगीच्या वेळी आपल्या पदरात काय पडले, हे स्वतःलाच विचारावे. त्या कोठडीत सॉक्रेटिसने विषाचा प्याला घेतला, तो या प्रश्नाचे उत्तर मिळवूनच.