प्रवास न सोसणारे मद्य

लखनऊच्या दक्षिणेस रायबरेली रस्त्यावर तेलीबाग ही वस्ती आहे. तेथून उत्तरेकडे दोनतीन कोस गेले की गोमतीच्या काठी कॉन्स्टॅन्शिया ही अजस्र आणि काहीशी विक्षिप्त इमारत दिसते. तिचा कर्ता क्लॉड मार्टिन जन्माने फ्रेंच. १७३५ साली लियों शहरी जन्मलेला हा तरुण फ्रेंच कंपनीचा शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला, पुढे इंग्रजांच्या चाकरीत शिरला आणि १७७६ च्या सुमारास नबाबाच्या शस्त्रागाराचा अधिकारी होऊन लखनऊस स्थायिक झाला. नीळ, सावकारी, बंदुका, ग्रंथसंग्रह, आकाशात उडवायचे फुगे असे अनेक उद्योग करून त्याने अलोट संपत्ती जमविली. १८०० साली तो वारला. त्याचे दफन त्याच इमारतीच्या तळघरात झाले, आणि त्याच्या पैशातून लखनऊ, कलकत्ता व लियों या तीन शहरांत शाळा निघाल्या.

पैशाने मिळणारी बहुतेक युरोपीय वस्तू अशा माणसाच्या दारी येऊ शकत होती. एक मात्र धड स्थितीत येणे जवळजवळ अशक्य होते. त्याच्या जन्मगावाच्या बऱ्याच उत्तरेला, बर्गंडी प्रांताच्या टोकाशी होणारे शाब्लीचे फिकट, कोरडे, आंबूस पांढरे मद्य ती ही वस्तू. त्या काळी गलबताला आफ्रिकेचे टोक वळसून इकडे येण्यास पाचसहा महिने लागत आणि विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. लाकडी पिंपातले हलके मद्य त्या उष्म्यात विटून जाई, नाहीतर त्याचा शिरका होई. म्हणून हिंदुस्थानातील गोऱ्या लोकांच्या मेजावर मदिरा बेटाच्या मद्याचे राज्य होते. त्यात ब्रँडी मिसळलेली असे, आणि गलबताच्या पोटातील उष्णतेने ते बिघडण्याऐवजी अधिकच सुधारे. ज्याला प्रवास मानवला ते मद्य लोकप्रिय झाले. चवीचा इतिहास पुष्कळदा वाहतुकीचा इतिहास असतो, तो असा.

मद्याला त्याच्या गावाच्या नावाने ओळखण्याची रीत आपल्याला परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे, आणि ते ज्या देशात होते त्यावरूनच त्याला कापिशायन व हारहूरक अशी नावे पडली, असे सांगितले आहे. कापिशी म्हणजे आजच्या काबूलच्या उत्तरेचा प्रदेश. फ्रेंच सरकारने हेच तत्त्व विसाव्या शतकात कायद्यात बसविले आणि १९३८ साली शाब्लीच्या नावाला संरक्षण मिळाले. तोपर्यंत जगात कोणीही कोणत्याही पांढऱ्या मद्याला शाब्ली म्हणून विकत असे. कॅलिफोर्नियात तर ती चाल पुढेही पुष्कळ वर्षे टिकली.

खरे शाब्ली हे सरें नावाच्या लहानशा नदीकाठचे गाव. जवळच पोंतिनी येथे १११४ साली सिस्टर्सियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ स्थापन झाला, आणि त्या शतकातच या साधूंनी शाब्लीच्या उतारांवर द्राक्षवेली राखल्या. तेथून पिंपे गाडीने ओसेरला जात, ओसेरहून योन नदीतून सेन नदीत आणि सेनमधून थेट पॅरिसला. पॅरिसची तहान भागविणारा हा जवळचा मळा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आगगाडी आली आणि दक्षिणेकडचे स्वस्त मद्य राजधानीत ओतले जाऊ लागले. त्यापाठोपाठ मुळे खाणाऱ्या फिलॉक्सेरा किडीने वेली मारल्या. एप्रिल-मे महिन्यांतील कडाक्याचे दहिवर तर नेहमीचेच. डोळे फुटावेत आणि एका रात्रीत काळे पडावेत. १९५० च्या दशकात शाब्लीचे क्षेत्र जेमतेम ५०० हेक्टर उरले होते. मग शेतकऱ्यांनी वेलींच्या रांगांतून शेगड्या पेटविल्या. पुढे दुसरी युक्ती निघाली, ती ऐकणाऱ्याला उफराटी वाटेल. थंडीच्या रात्री वेलींवर पाणी फवारायचे. पाणी गोठताना उष्णता सोडते आणि बर्फाच्या कवचाआड कोवळा डोळा जिवंत राहतो. आज तेथे ५,००० हेक्टरांहून अधिक लागवड आहे.

या मद्याविषयी बोलताना जाणकार ‘खनिज’ चव असा शब्द हटकून वापरतात. ओला दगड, गारगोटी, खडू, समुद्राचे वारे अशा उपमा देतात. शाब्लीची जमीन किमरिजियन नावाच्या चुनखडीयुक्त मातीची, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रतळाची. तिच्यात बारीक कालवांचे अश्मीभूत शिंपले खच्चून भरलेले आहेत. नांगराच्या फाळाबरोबर ते वर येतात. तेव्हा शिंपल्यांची चव वेलीतून पेल्यात उतरते, ही कल्पना मोहक आहे. परंतु ती खरी नव्हे. वेल्समधील भूवैज्ञानिक अ‍ॅलेक्स मॉल्टमन यांनी दाखवून दिले आहे की वेल दगड चोखत नाही. ती पाण्यात विरघळलेले क्षार अत्यल्प प्रमाणात घेते आणि त्यांना आपल्या जिभेला कळेल अशी चव नसते. शिवाय चाखणाऱ्यांच्या परिभाषेत हा शब्द रुळला तोच मुळी १९८० नंतर. जिला खनिजता म्हणतात ती बहुधा तीव्र आम्लता, साखरेचा अभाव आणि फळांच्या गंधाचा संयम यांची मिळून झालेली जाणीव असावी. मातीचा वाटा आहे, पण तो पाणी धरण्याचा आणि सोडण्याचा.

हे मान्य केले म्हणजे नाशिककडे पाहण्याची दृष्टी बदलते. तेथे चुनखडी नाही, शिंपले नाहीत, आहे तो सह्याद्रीचा काळा कातळ. शाब्ली ४८ अक्षांशाच्या आसपास, तर नाशिक २० अक्षांशावर. आम्लता टिकविणारी थंडी येथे आणायची कोठून? महाराष्ट्राच्या द्राक्षबागायतदाराने त्याचे उत्तर हंगामच उलटा करून दिले. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि घड पिकतात ते जानेवारी ते मार्च या दिवसांत, जेव्हा दिंडोरीकडच्या रात्री गार असतात. दिवसाच्या उन्हात आम्ल झपाट्याने घटते, म्हणून तोडणी पहाटेच्या अंधारात करावी लागते. १९८० च्या दशकात नारायणगावी शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ मद्य केले. १९९७ च्या सुमारास राजीव सामंत यांनी नाशिकजवळ शेनँ ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातील जाती लावल्या. सोव्हिन्यों ही सांसेर गावच्या प्रसिद्ध कोरड्या मद्याची जात, आणि सांसेरच्या काही उतारांवरही तीच शिंपल्यांची माती आहे. २००१ साली राज्य शासनाने उत्पादन शुल्काची सवलत देऊन या धंद्याला हात दिला. विंचूर येथे औद्योगिक वसाहत झाली.

हात मिळाला, तरी जोखीम शेतकऱ्याच्या माथी राहिलीच. खाण्याची द्राक्षे एका व्यापाऱ्याने नाकारली तर दुसरा घेतो. मद्याची द्राक्षे बारीक, बियांची, जाड सालीची. कारखान्याने पाठ फिरविली तर त्यांना दुसरे गिऱ्हाईक नाही. २००८ नंतरच्या मंदीत नेमके तसेच झाले आणि नाशिक जिल्ह्यात अनेकांनी चारपाच वर्षे जोपासलेल्या वेली स्वतःच्या हाताने उपटून टाकल्या. पॅरिसच्या बाजारात आगगाडी आली तेव्हा शाब्लीकरांनी जे भोगले त्याच जातीचे हे दुःख होते.

आता ज्याला हे मद्य चाखायचे असेल त्याच्यासाठी. पहिली चूक बर्फाची. अतिथंड केल्याने जीभ बधिर होते आणि महाग व स्वस्त यांतला भेद मावळतो. दहा ते बारा अंश उष्णतामान पुरे. उन्हाळ्यात मेजावर ठेवताच ते पाच-सात मिनिटांत चढू लागते, म्हणून पेला एक तृतीयांशच भरावा. तोंडाशी निमुळता पेला असला म्हणजे गंध निसटत नाही. पहिला घोट झोंबेल. त्यावरून मत बनवू नये, दुसऱ्या घोटाला तोंडाला पाणी सुटते आणि तेथून चव उलगडते. फ्रेंच लोक त्याबरोबर ताजी कालवे खातात. रत्नागिरीच्या खाडीत मिळणारी कालवे त्यांहून निराळ्या जातीची असली तरी जोडी जमते. तळलेले बोंबील किंवा नुसत्या मीठ-हळदीचे पापलेटही चालते. मालवणी तिखटापुढे मात्र त्याचा निभाव लागत नाही, तेथे सोलकढीच खरी. लखनऊच्या गलावटी कबाबांची गोष्ट वेगळी. त्यांतील चरबी हे आंबूस मद्य सहज कापते, पण लवंग-जायपत्रीच्या दरवळात स्वतः हरवून जाते.

पेला मात्र थांबून थांबून घ्यावा. शाब्ली फार थंड नसताना उत्तरार्धात जे सांगते ते पहिल्या घोटाला सांगत नाही.