धर्मादाय खाट: दानातून हक्काकडे

मुंबईच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा पाया दानशूरांनी घातला. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून व सरकारी साह्यातून भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ चे. त्याच्याशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयाला देणगी देताना शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी तेथे भारतीय डॉक्टरच नेमावेत, अशी अट घातली होती.

परंतु वास्तू उभी राहिली, तरी गरिबाच्या औषधपाण्याचा रोजचा खर्च उरतोच. त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना महत्त्वाची आहे. तिच्यानुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे. इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'त जमा करावी लागते. गरिबांच्या उपचारांसाठी मिळालेल्या देणग्याही याच निधीत जातात. म्हणून दात्याने देणगीचा हेतू लेखी नमूद करणे हिताचे.

रुग्णाने तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला अथवा शिधापत्रिका सोबत ठेवावी. तातडीच्या प्रसंगी मात्र अनामत रक्कम मागता येत नाही. रुग्णास त्वरित दाखल करून घ्यावेच लागते. टाळाटाळ झाल्यास धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते. पूर्वी जे उपकार म्हणून मिळत होते, ते आता हक्क म्हणून मागता येते.