‘लेटर’ आणि ‘लेटर्स’

इंग्रजीतील ‘लेटर’ या शब्दाचे दोन अर्थ आपल्याला शाळेतच कळतात : वर्णमालेतील अक्षर आणि टपालाने येणारे पत्र. मराठीत या दोन गोष्टींना दोन स्वतंत्र शब्द आहेत. जे झिजत नाही ते अक्षर. ज्यावर लिहिले जाई ते पान, म्हणजे पत्र. इंग्रजीने मात्र दोन्हींची सोय एकाच शब्दावर का लावली, याचे उत्तर लॅटिनमध्ये आहे.

लॅटिन ‘लिटेरा’ म्हणजे एक अक्षर. त्याच्या अनेकवचनाला पत्र, दस्तऐवज आणि वाङ्मय असे अर्थ होते. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत रुळला आणि अक्षराला असलेला मूळचा ‘बोकस्टाफ’ हा शब्द मागे पडला. त्याचा भाऊबंद ‘बुखश्टाब’ जर्मनमध्ये आजही नांदतो आहे. लॅटिनच्या याच वळणाने पूर्वीच्या इंग्रजी लेखनात एकाच पत्रालाही कधी कधी ‘लेटर्स’ म्हणत. जुने दप्तर वाचताना हे ध्यानात ठेवले नाही, तर एका पत्राची दोन होतात आणि कधी लिहिलेच न गेलेल्या पत्राचा शोध सुरू होतो.

या अनेकवचनाशी आपला खरा संबंध आला तो राजाज्ञेतून. ‘लेटर्स पेटंट’ म्हणजे मोहोर न फोडता वाचता येईल असे, सर्वांना उद्देशून काढलेले उघडे राजपत्र. ३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीला पूर्वेकडील व्यापाराची मक्तेदारी दिली ती अशा पत्राने. १६६८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीच्या हवाली केली तीही अशाच पत्राने. १८६२ मध्ये मुंबईचे उच्च न्यायालय उभे राहिले तेही याच आधारावर; म्हणून वकिलांच्या तोंडी ‘लेटर्स पेटंट अपील’ हा शब्दप्रयोग आजही आहे. शोधाच्या हक्काला आपण ‘पेटंट’ म्हणतो, तेव्हा ‘लेटर्स’ गळून मागे फक्त ‘उघडे’ हे विशेषण उरलेले असते.

मराठी दप्तराकडे यासाठी ‘सनद’ हा शब्द तयार होता. तो सोडून अनुवादक ‘पत्रे’ लिहितो, तेव्हा मुंबईचे हस्तांतर हा जणू राजा आणि व्यापारी यांच्यातला खासगी पत्रव्यवहार ठरतो. असा अनुवाद अक्षरशः बरोबर असतो. त्यातून निसटते ती सत्ता.